देवनागरी जड की प्रोग्राम? : मेमरीच्या अतिवापराचा शोध

इंदूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतून जुन्या स्मरणिका, व्याख्यानमालांचे वृत्तांत, मंडळांची मासिके आणि कथा-कादंबऱ्या गोळा करून त्यांची शब्दसूची करावी, असा प्रकल्प माझ्या एका विद्यार्थिनीने हाती घेतला होता. कोणता शब्द किती वेळा आला, कोणती रूपे आपल्याकडे टिकली आणि कोणती हिंदीच्या शेजारात झिजली, हे त्या सूचीवरून पाहायचे होते. पाने स्कॅन करून, मजकूर युनिकोड देवनागरीत आणून, दोघा-तिघांनी मिळून सुमारे १ कोटी शब्द जमवले. एका पुस्तकात सरासरी ५० हजार शब्द धरले तर ही दोनशे पुस्तके झाली. शब्द मोजणारा प्रोग्राम तिने सी प्लस प्लस या भाषेत लिहिला. वीस पुस्तकांवर तो चोख चालला. दोनशे पुस्तके दिली तेव्हा प्रयोगशाळेतला २ जीबी मेमरीचा जुना संगणक आधी मंदावला, मग हलेनासा झाला आणि शेवटी प्रोग्राम मधेच बंद पडला.

“सर, गळती नाहीये, मी तपासलंय,” ती म्हणाली. “एक जण म्हणाले, देवनागरी जड असते. सगळा मजकूर रोमनमध्ये बदलून घे, मग चालेल. तसं करू का?”

तसे केले असते तर ‘मन’ आणि ‘मण’ एकाच ओळीत आले असते. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतला भेद गेला असता. म्हणजे जे शोधण्यासाठी प्रकल्प काढला, तेच पहिल्या पायरीवर पुसले गेले असते. म्हणून रोमनचा निर्णय घेण्यापूर्वी मेमरी नेमकी कुठे जाते ते पाहू, असे आम्ही ठरवले. त्या शोधाची रीत या लेखात पायरीपायरीने मांडली आहे. प्रोग्रामच्या ओळी न देता रचना शब्दांत सांगितली आहे. त्यामुळे भाषेच्या शिक्षकांनाही ती समजण्यास अडचण येऊ नये.

१. अक्षराचे वजन

संगणकात प्रत्येक चिन्ह आकड्याच्या रूपात साठवले जाते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ठरलेल्या ‘इस्की’ या मानकात देवनागरीचे एक चिन्ह एका बाइटात बसत असे. आज आपण वापरतो ते युनिकोड, आणि ते साठवण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती आखली. या पद्धतीत पहिल्या १२८ चिन्हांना, म्हणजे रोमन अक्षरे, इंग्रजी आकडे आणि नेहमीची विरामचिन्हे यांना, एक बाइट लागतो. २०४७ क्रमांकापर्यंतच्या चिन्हांना दोन आणि त्यापुढे ६५,५३५ पर्यंत तीन बाइट लागतात. देवनागरीचा विभाग २३०४ ते २४३१ असा आहे. म्हणून आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे.

येथे ‘चिन्ह’ म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरासाठी लागणारे पाय मोडल्याचे चिन्ह, ही सर्व स्वतंत्र मोजली जातात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. ‘पुस्तक’ या शब्दात प, ह्रस्व उकार, स, पायमोड, त आणि क अशी सहा, म्हणजे १८ बाइट. ‘महाराष्ट्र’ या शब्दात दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट.

याचा अर्थ देवनागरी ‘जड’ म्हणणाऱ्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण १ कोटी शब्द, प्रत्येकी सरासरी सहा चिन्हे आणि मधे एक रिकामी जागा, असे धरले तरी संपूर्ण संग्रह १९ कोटी बाइटांचा होतो. एक जीबी म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइट. दोनशे पुस्तके त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी जागेत मावतात. मग २ जीबी का पुरले नाहीत?

२. आधी मोजावे

मेमरीच्या तक्रारीत पहिली चूक होते ती अंदाजाने दुरुस्ती सुरू करण्याची. विद्यार्थी प्रोग्राम उघडतो, जे वाक्य नजरेला खुपते ते बदलतो आणि फरक पडला नाही की पुढचे बदलतो. आम्ही प्रोग्रामला हात न लावता तीन मोजमापे घेतली.

पहिले मोजमाप कमाल वापराचे. लिनक्सवर ‘टाइम’ नावाची उपयुक्तता सविस्तर पर्यायासह वापरली की प्रोग्राम संपल्यावर ‘मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइझ’ हा आकडा मिळतो. संगणकाच्या खऱ्या मेमरीत या प्रोग्रामने एका वेळी जास्तीत जास्त किती जागा व्यापली, हे तो सांगतो. ‘टॉप’सारख्या यादीत आणखी एक, पुष्कळदा बराच मोठा, ‘व्हर्च्युअल’ आकडा दिसतो. त्याला घाबरू नये. प्रोग्रामने मागून ठेवलेली पण अजून स्पर्शही न केलेली जागा त्यात धरलेली असते. सभागृह पाचशे खुर्च्यांचे आरक्षित केले आणि दोनशे माणसे आली, तर जेवण दोनशेंचेच लागते.

दुसरे मोजमाप वाढीचे. १० पुस्तके, २० पुस्तके, ४० पुस्तके अशी दुप्पट-दुप्पट सामग्री देऊन कमाल वापर लिहून काढला. तो प्रत्येक वेळी जवळजवळ दुप्पट होत गेला. ही खूण महत्त्वाची होती. शब्दसूचीत ‘आणि’ हा शब्द लाख वेळा आला तरी त्याची नोंद एकच असते. मजकूर दुप्पट झाला म्हणून वेगळे शब्द दुप्पट होत नाहीत; नवे शब्द सापडण्याचा वेग हळूहळू मंदावतो. म्हणून केवळ सूची साठवणाऱ्या प्रोग्रामचा आलेख पुढे पुढे वाकला पाहिजे. तो सरळ रेषेत चढत असेल तर प्रोग्राम सूचीबरोबर संपूर्ण मजकूरही कुठे तरी धरून बसला आहे, असे समजावे.

तिसरे मोजमाप स्थळाचे, म्हणजे कोणत्या फंक्शनने किती जागा मागितली याचे. यासाठी ‘व्हॅलग्रिंड’ या साधनसंचातील ‘मॅसिफ’ हे साधन वापरता येते. प्रोग्राम कंपाइल करताना डीबगिंगची माहिती ठेवण्याचा पर्याय द्यावा, म्हणजे अहवालात नुसते पत्ते न येता फंक्शनांची नावे आणि ओळींचे क्रमांक येतात. मॅसिफखाली प्रोग्राम अनेक पटींनी मंद चालतो, म्हणून त्याला दोनशे पुस्तके देऊ नयेत, दहा पुरतात. ‘हीपट्रॅक’ नावाचे दुसरे साधन तुलनेने वेगवान आहे, आणि क्षणभर मागून लगेच परत केलेली जागा किती वेळा मागितली, हेही ते सांगते.

३. तीन वेगळे विकार

अहवाल वाचण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या मनात तीन गोष्टी वेगळ्या असाव्या लागतात. तिन्हींत मेमरी वाढतेच, पण उपाय वेगळे आहेत.

*गळती.* मागितलेली जागा परत केली नाही आणि तिचा पत्ताही हरवला, तर ती गळती. वाचनालयातून पुस्तक गेले आणि कोणाच्या नावावर गेले ती नोंदही फाटली, असा हा प्रकार. त्याच कामाची पुनरावृत्ती करताना वापर दर फेरीला वाढत राहिला तर गळतीचा संशय घ्यावा. कंपायलरसोबत मिळणारा ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ आणि व्हॅलग्रिंडचे ‘मेमचेक’ ही साधने ती पकडतात.

*फुगवटा.* जागेचा पत्ता माहीत आहे, शेवटी ती परतही केली जाते; पण कामासाठी लागते त्याहून कितीतरी अधिक जागा एका वेळी धरलेली असते. गळती शोधणारी साधने येथे ‘दोष नाही’ असेच सांगतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबर असते. माझ्या विद्यार्थिनीची फसगत येथेच झाली होती. तिने गळती तपासली, ती निघाली नाही, म्हणून प्रोग्राम निर्दोष मानला आणि आरोप लिपीवर गेला.

*तुकडे पडणे.* जागा परत केली तरी मधेमधे वापरातल्या लहान नोंदी राहिल्यामुळे सलग मोठा भाग मोकळा होत नाही. शिवाय प्रोग्रामने परत केलेली जागा मेमरी वाटणारी लायब्ररी पुष्कळदा पुढच्या मागणीसाठी स्वतःकडेच ठेवते, ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच देत नाही. म्हणून यादी रिकामी केल्यावरही ‘टॉप’मधला आकडा उतरला नाही तर लगेच गळतीचा निष्कर्ष काढू नये. तेच काम पुन्हा करून पाहावे. आकडा तिथेच राहिला तर जागा पुन्हा वापरली जात आहे; वर चढला तर शोध घ्यावा.

४. हिशोब

मॅसिफच्या अहवालात झाडासारख्या फांद्या असतात आणि प्रत्येक फांदीवर एकूण वापरातील टक्केवारी लिहिलेली असते. आमच्या अहवालात दोन फांद्या जवळजवळ सारख्या जाडीच्या होत्या आणि दोन बारीक. त्या चार फांद्यांचा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. पुढील आकडे ६४-बिट लिनक्स आणि जीसीसी कंपायलरसोबतची प्रमाण लायब्ररी यांना धरून आहेत.

या लायब्ररीतील ‘स्ट्रिंग’, म्हणजे शब्द ठेवण्याची डबी, ३२ बाइटांची असते. तिच्यात १५ बाइटांपर्यंतचा शब्द आतच मावतो. त्याहून मोठा शब्द आला की बाहेर वेगळी जागा मागावी लागते. ही बाहेरची जागा नोंदीच्या ८ बाइटांसह मोजली जाते आणि १६ च्या पटीत, कमीत कमी ३२ बाइट, मिळते. आता पाहा: पंधरा अक्षरांचा इंग्रजी शब्दही आत बसतो, पण मराठीत पाच चिन्हांपुढचा शब्द बाहेर जातो. ‘मराठी’ हा शब्द डबीत नेमका मावतो. ‘पुस्तक’ मावत नाही. त्याला डबीचे ३२ आणि बाहेरचे ३२ मिळून ६४ बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ला ३२ आणि ४८ मिळून ८०. क्लँग कंपायलरसोबतच्या लायब्ररीत डबी २४ बाइटांची असून तिच्यात २२ बाइट मावतात, म्हणजे आपली सात चिन्हे. लायब्ररी बदलली की आकडे बदलतात. म्हणून ते पाठ न करता काढण्याची रीत लक्षात ठेवावी.

सरासरी सहा चिन्हांचा शब्द धरून चारही फांद्यांचा हिशोब असा झाला:

– संपूर्ण मजकूर एकदम वाचून एका मोठ्या स्ट्रिंगमध्ये ठेवला होता: १९ कोटी बाइट.

– तो तोडून सर्व १ कोटी शब्दांची यादी केली होती: प्रत्येकी ६४ प्रमाणे ६४ कोटी बाइट.

– ही यादी मोजणी करणाऱ्या फंक्शनला देताना तिची संपूर्ण नक्कल झाली होती: आणखी ६४ कोटी बाइट.

– शब्द आणि त्याची संख्या असलेला तक्ता: वेगळे शब्द ४ लाख धरले आणि प्रत्येक नोंदीला, तक्त्याच्या दुव्यांसह, ११२ बाइट धरले, तर सुमारे साडेचार कोटी बाइट.

एकूण १५१ कोटी बाइट, म्हणजे १.४ जीबी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि उघडा ब्राउझर यांच्यासह २ जीबीच्या संगणकाला हे झेपणारे नव्हते. त्यातच यादी वाढवण्याची रीत. यादीची जागा भरली की ही लायब्ररी दुप्पट मोठी नवी जागा घेते, जुने सामान तिकडे हलवते आणि मग जुनी जागा सोडते. त्या क्षणी जुनी आणि नवी दोन्ही हातात असतात. ८३,८८,६०८ शब्दांनंतरचा पुढचा शब्द आला की २६.८ कोटी बाइटांच्या जुन्या जागेशेजारी ५३.७ कोटींची नवी जागा मागितली जाते. घर बदलताना काही दिवस दोन्ही घरांचे भाडे भरावे लागते, तसे हे. शब्दांची संख्या आधी ठाऊक असेल तर जागा सुरुवातीलाच राखून ठेवावी, म्हणजे ही हलवाहलव टळते.

या चार ओळींत आपल्याला खरोखर हवी होती ती एकच, शेवटची. सूचीला लागणारे साडेचार कोटी बाइट म्हणजे एकूण वापराचे जेमतेम तीन टक्के होते.

आता रोमनच्या सल्ल्याचाही हिशोब करू. रोमनमध्ये शब्दाला सरासरी आठ अक्षरे धरली तर जवळजवळ सर्व शब्द डबीच्या आतच बसतील. मजकूर ९ कोटी, यादी ३२ कोटी, नक्कल ३२ कोटी आणि तक्ता सव्वातीन कोटी. एकूण सुमारे ७६ कोटी बाइट. वापर निम्मा झाला असता आणि प्रोग्राम त्या संगणकावर बहुधा चाललाही असता. सल्ला देणाऱ्याचे बरोबर ठरले असते, ‘ण’ आणि ‘ळ’ सूचीतून गेले असते आणि प्रोग्राममधला दोष जिथल्या तिथे राहिला असता. चारशे पुस्तके जमली की तो पुन्हा दारात उभा.

५. दुरुस्ती, एका वेळी एक

मोठ्या फांदीपासून सुरुवात करावी, एक बदल करावा, पुन्हा मोजावे. दोन बदल एकत्र केले तर कोणाचा गुण आला ते कळत नाही.

*पहिला बदल.* यादी फंक्शनला देताना नक्कल का झाली? सी प्लस प्लसमध्ये वस्तू साध्या रीतीने दिली की तिची प्रत जाते. मूळ वस्तूच दाखवायची असेल तर प्रकाराच्या नावापुढे ‘&’ हे चिन्ह द्यावे लागते, आणि फंक्शनने ती बदलू नये म्हणून ‘कॉन्स्ट’ लिहावे लागते. ते एक चिन्ह राहिले होते. ते लिहिल्याबरोबर ६४ कोटी बाइट वाचले. कंपायलर अशा ठिकाणी चूक दाखवत नाही, कारण नक्कल मागणे हा व्याकरणदृष्ट्या गुन्हा नाही. अनुस्वार राहिला तरी वाक्य छापले जाते, अर्थ मात्र बदलतो. तशातला हा प्रकार.

*दुसरा बदल.* सर्व शब्दांची यादी करण्याची गरज होती का? प्रत्येक शब्द एकदा पाहायचा, तक्त्यात त्याची संख्या एकाने वाढवायची आणि सोडून द्यायचा. म्हणजे यादी नकोच. मजकूर तोडता तोडता शब्द थेट तक्त्याकडे पाठवला. आणखी ६४ कोटी बाइट गेले.

*तिसरा बदल.* संपूर्ण मजकूर एकदम वाचण्याऐवजी एकेक ओळ वाचली आणि ओळ ठेवणारी स्ट्रिंग प्रत्येक वेळी तीच वापरली. १९ कोटी बाइटांच्या जागी आता एका लांब ओळीपुरती जागा उरली. येथे एक सावधगिरी हवी. स्कॅनवरून काढलेल्या काही फाइलींत ओळी तोडणारे चिन्हच नसते आणि अख्खे पुस्तक ‘एक ओळ’ होते. तसे असेल तर ठरावीक आकाराचे तुकडे वाचावेत. पण तुकड्याची सीमा तीन बाइटांच्या चिन्हाच्या मधोमध पडू शकते, आणि मग ‘ठ’चा एक बाइट अलीकडे, दोन पलीकडे. म्हणून तुकड्यातील शेवटच्या रिकाम्या जागेपुढचा भाग बाजूला ठेवून पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला जोडावा. रोमन मजकुरावर तपासलेल्या प्रोग्रामांत ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते.

*चौथा बदल.* आता कमाल वापर उतरला होता, पण हीपट्रॅकने आणखी एक गोष्ट दाखवली. प्रत्येक शब्दासाठी क्षणभर एक स्ट्रिंग तयार होऊन लगेच मोडत होती, आणि मोठ्या शब्दांसाठी दर वेळी बाहेरची जागा मागितली जात होती. याने एकूण वापर वाढत नाही, वेळ मात्र जातो. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या मानकापासून ‘स्ट्रिंग व्ह्यू’ नावाची सोय आहे. ती शब्दाची प्रत करत नाही. ओळीत शब्द कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढेच दाखवते. तिच्या साह्याने तक्त्यात शोध घ्यावा आणि शब्द नवा असेल तेव्हाच खरी स्ट्रिंग तयार करावी. मात्र तक्त्यात ‘व्ह्यू’ स्वतः साठवू नये. पुढची ओळ वाचली की तिच्या बोटाखालचा मजकूर बदलतो आणि सूचीत भलतेच शब्द दिसू लागतात.

येथे आम्ही थांबलो. तक्त्याचा प्रकार बदलून प्रत्येक नोंदीमागे आणखी काही बाइट वाचवता आले असते. पण साडेचार कोटी बाइटांची अडचण कोणालाच नव्हती. गरज भागल्यावर केलेली काटकसर प्रोग्राम अवघड करते, आणि पुढे तो वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

६. भाषेचा वाटा

दुरुस्तीनंतर उरलेल्या तक्त्यातही वेगळे शब्द फार दिसत होते. त्यातील काही वाढ खोटी होती, काही खरी.

खोटी वाढ लेखनाच्या संकेतांतून येते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याचा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच. तक्त्यात मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘अ‍ॅ’चेही तसेच: एका चिन्हात लिहिलेला वेगळा आणि तीन चिन्हांनी जुळवलेला वेगळा. ‘म्हणाला’ आणि स्वल्पविराम चिकटलेला ‘म्हणाला,’ हेही दोन शब्द मोजले जात होते. शब्द तक्त्याकडे नेण्यापूर्वी विरामचिन्हे काढून आणि अशी रूपे एकसारखी करून घेतली. यात मेमरी थोडी वाचली, पण खरा लाभ मोजणी बरोबर होण्याचा झाला.

खरी वाढ मराठीच्या घडणीतून येते. हिंदीत ‘घर में’, ‘घर से’, ‘घर तक’ असे शब्द सुटे लिहितात. मोजणीत ‘घर’ एकदाच नोंदला जातो. मराठीत ‘घरात’, ‘घरातून’, ‘घरापर्यंत’, ‘घरासमोर’, ‘घरच्यांना’ अशी प्रत्येक जोडणी स्वतंत्र शब्द बनते. तक्ता यामुळे मोठा होणारच. तो कमी करायचा का, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचा आहे. सामान्यरूपांचा अभ्यास करायचा असेल तर प्रत्येक रूप ठेवलेच पाहिजे. शब्दकोशासाठी मूळ शब्द हवा असेल तर प्रत्यय वेगळे काढावेत. मेमरी कमी आहे म्हणून हा निर्णय घेतला जाऊ नये, एवढेच संगणकाच्या शिक्षकाने पाहावे.

७. समारोप

दुरुस्त केलेला प्रोग्राम त्याच जुन्या संगणकावर दोनशे पुस्तके वाचून गेला. मोजलेला वापर आमच्या हिशोबाहून थोडा अधिक आला, कारण खुद्द प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ऱ्या यांनाही काही जागा लागतेच. सूची देवनागरीतच आहे. ‘मन’ एका ओळीवर आहे आणि ‘मण’ दुसऱ्या.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या मुलांना हा सल्ला अनेक रूपांत ऐकू येतो: फॉन्ट तुटतो तर इंग्रजीत लिही, नावे जुळत नाहीत तर रोमन कर, प्रोग्राम अडतो तर लिपी बदल. कधी कधी अडचण खरोखरच लिपीशी निगडित असते. तीन बाइटांचे वजन आपण वर मान्य केलेच. पण किती वजन लिपीचे आणि किती आपल्या निष्काळजीपणाचे, हे आकड्यांत सांगता आले पाहिजे. आमच्या बाबतीत लिपीने वापर दुप्पट केला होता आणि प्रोग्रामने तेहतीसपट. विद्यार्थ्याने अशी तक्रार आणली की शिक्षकाने प्रथम एवढेच विचारावे: मोजलेस का?

अभ्यासासाठी

१. पुढील गावांची नावे किती बाइटांची होतात आणि वर सांगितलेल्या ३२ बाइटांच्या डबीत कोणती मावतात, ते चिन्हे मोजून काढा: पणजी, इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, ग्वाल्हेर. (उत्तर: १२, १५, १५, १८, २४, २७. पहिली तीन मावतात. बेळगावला एकूण ६४ बाइट, शेवटच्या दोन्हींना प्रत्येकी ८० बाइट लागतात.)

२. एका प्रोग्रामचा वापर दर तासाला सारखाच वाढतो, काम मात्र तेच राहते. दुसऱ्याचा वापर सुरुवातीलाच खूप चढून स्थिर राहतो. दोन्हींत कोणता विकार संभवतो आणि प्रत्येकाला कोणते साधन प्रथम लावाल, ते कारणांसह लिहा.

३. आपल्या शाळेच्या वार्षिकांकाचा मजकूर घेऊन शब्दसूची करा. एकाच शब्दाची दोन रूपे वेगळी मोजली गेली असतील तर त्यांची चिन्हे एकेक करून तपासा आणि फरक कुठे आहे ते सांगा.